समोरची फांदी नडते

फोटोत फांदी नव्हती. कमलाकरच्या हातातला टोस्ट चहात अर्धा बुडालेला होता, तो तिथंच मऊ होऊन गळला आणि कपाच्या बुडाशी जाऊन बसला, तरी त्याचं लक्ष गेलं नाही. गेल्या रविवारी ह्याच पक्ष्याचा, ह्याच झाडावरचा फोटो ह्याच मोबाइलवर आला होता, तेव्हा फांदी होती. चांगली मनगटाएवढी जाड, बारीक पानांची, पक्ष्याच्या छातीवरून तिरपी गेलेली. आता तिच्या जागी नुसता उजेड होता, आणि त्या उजेडात सापमार गरुडाची मादी दोन्ही पंख पसरून, चोच उघडी टाकून, पिवळ्याजर्द डोळ्यांनी थेट कमलाकरकडे पाहत होती. तिच्या पायाशी काड्यांचं घरटं उघडंबोडकं दिसत होतं आणि घरट्यात कापसाच्या फुटलेल्या बोंडाएवढं पांढरं काहीतरी. फोटोखाली उत्तमसिंगनं लिहिलं होतं, 'सर, तुमी सांगतल्याप्रमाने फांदी काढली. आता शेरा द्या.'

ग्रुपचं नाव 'पंख आणि आपण'. यवतमाळ आणि आजूबाजूचे दोनशे चौदा पक्षीवेडे त्यात होते, त्यातल्या निम्म्यांनी खिडकीवरच्या कबुतरापलीकडे मजल मारलेली नव्हती; पण मत देताना कोणी मागं राहत नसे. दर रविवारी सकाळी फोटो टाकायचे, दिवसभर सगळ्यांनी 'अप्रतिम', 'क्या बात', 'डोळे निवले' असं लिहायचं, आणि संध्याकाळी पाचच्या आत कमलाकरनं प्रत्येक फोटोवर शेरा मारायचा. तो शेरा शेवटचा. कारण कमलाकर एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला, आणि तेहतीस वर्षं त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. 'चोच बरी. शेपूट कापली आहे. सुधारणा करून फेरसादर करावे.' 'पक्षी योग्य, पार्श्वभूमी अयोग्य.' 'खंड्याचा मासा दिसत नाही. मासा होता याचा पुरावा जोडावा.' शेऱ्यांना तो क्रमांकसुद्धा द्यायचा. गेल्या रविवारचा शेवटचा होता चारशे बारा, आणि तो उत्तमसिंगच्या फोटोवरचा होता. 'पक्षी उत्तम. समोरची फांदी नडते. फांदी नसती तर यंदाच्या प्रदर्शनात पहिला नंबर होता.'

आज लोक वेडे झाले होते. प्रदर्शनाचे फोटो आज संध्याकाळी पक्के व्हायचे होते आणि पहिला नंबर कोणता ह्यात कोणाला शंकाच उरली नव्हती. 'काय ती पोज! जणू साष्टांग आशीर्वाद देऊन राहिली.' 'विमान उतरल्यासारखं वाटते.' इंजिनिअरिंग कॉलेजातला प्राध्यापक साकेत, ज्याची लेन्स बोअरच्या पाइपाएवढी होती आणि फोटो मात्र कायम कोतवाल पक्ष्याचाच, त्यानं विचारलं, 'उत्तमभाऊ, फांदी एवढी सफाईनं काढली, ॲप कोणतं?' उत्तमसिंगचं एका शब्दाचं उत्तर होतं. 'कुऱ्हाड.' त्यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची रांग लागली. 'हे कुऱ्हाड ॲप मला सापडून नाही राहिलं, लिंक पाठवा,' एकानं लिहिलं. दातांची डॉक्टर भैरवी, जिला ग्रुपचे नियम क्रमांकासकट पाठ होते, तिनं विचारलं, 'नियम सात? घरट्याचे फोटो चालत नाहीत ना?' तर साकेत म्हणाला, 'कमलाकर सरांच्या मार्गदर्शनाखाली काढलाय, त्यांच्यासाठी अपवाद करू.' आणि मग हात जोडलेले. वीस, तीस, चाळीस हात, सगळे कमलाकरला.

नियम सात कमलाकरनंच लिहिला होता.

"टोस्ट गेला तुमचा," शुभदा म्हणाली. ती समोर मेथी निवडत बसली होती. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या शेऱ्यांवर एकही शेरा मारला नव्हता, तोंडावर तर नाहीच. फक्त कधीतरी त्याचे फोटो पाहताना विचारायची, तुमच्या प्रत्येक पाखरामागं विजेची तार काहून असते हो. तार असायचीच. नऊ वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरला, पण पक्षी त्याला तारेवरच भेटायचे. कचेरीत अर्ज घेऊन आल्यासारखे, ओळीनं, मान खाली घालून. आणि एक उत्तमसिंग. नेरच्या अलीकडं तांड्यावर राहणारा, चार एकराचा धनी, बेंबळ्याच्या धरणावर दोन वर्षांपूर्वी भेटलेला. त्याच्याकडं कॅमेरा नव्हता. जुन्या दुर्बिणीच्या एका नळीला त्यानं सायकलच्या ट्यूबनं मोबाइल बांधला होता, आणि त्या गाठोड्यातून तो जे काढायचा ते पाहून कमलाकर आपला कॅमेरा पिशवीत घालायचा. "सर, तुमी मले शिकवा," तो म्हणाला होता, कमरेत वाकून. "मले फक्त पाखरू दिसते. चुका नाई दिसत." कमलाकर तेव्हा हसला होता. चुका दाखवणं हे तर त्याचं आयुष्य होतं. आता त्याला ते वाक्य आठवलं आणि तोंडातल्या चहाची चव गेली.

कारण आशीर्वाद नव्हता तो. पोज नव्हती. हे दोनशे चौदा लोकांत एकट्या कमलाकरला कळत होतं, आणि कळत नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं. एप्रिल सरत आला होता, पारा त्रेचाळीसला टेकत होता, आणि डोक्यावरची सावली गेली म्हणून ती मादी स्वतःच्या पंखांची सावली करून पिल्लावर उभी होती. चोच उघडी कारण धाप लागलेली. एकच अंडं घालतो हा पक्षी वर्षाला. एकच पिल्लू. दुपारी ती जागची हलली तर पिल्लू भाजेल, नाही हलली तर एकट्या नरानं साप आणायचे तरी किती, आणि ते उघडं घरटं पाहून कावळे किती दिवस गप्प बसतील. फोटो कालचा असेल. नाहीतर परवाचा. म्हणजे ती कालही अशीच उभी होती, परवाही. आणि ह्या घडीला, कमलाकर पंख्याखाली बसून टोस्ट कुठं गेला ते पाहत होता तेव्हाही.

त्यानं लिहायला घेतलं. 'शेरा क्र. ४१३. ही पोज नसून' एवढं लिहिलं आणि पुसलं. 'सर्वांस सूचना की' लिहिलं, पुसलं. मग 'उत्तमभाऊ, फांदी खरंच तोडली का हो?' लिहिलं आणि तेही पुसलं, कारण त्यानं कुऱ्हाड म्हटलं म्हणजे कुऱ्हाड. उत्तमसिंगला फोन लावला. लागेना, तांड्यावर पाण्याची टाकी सोडली तर रेंज येऊन-जाऊन असायची. ग्रुपवर ओळी चढतच होत्या. साकेतचा नवा मेसेज आला, 'उत्तमभाऊ, लोकेशन पाठवा, उद्या पहाटे आम्ही दहा जण निघतो. सरांचा शेरा आला की फायनल.' दहा जण. दहा पाइप. कमलाकरच्या कानामागून घाम निघाला आणि मानेवरून खाली गेला. एक ओळ लिहिली असती तर काम झालं असतं. ती ओळ काय आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच बोट हलत नव्हतं. ती ओळ सापमार गरुडाबद्दल नव्हती. ती गेल्या रविवारबद्दल होती.

"मी जरा नेरकडं जाऊन येतो," तो उठून म्हणाला.

"ह्या उन्हात?" शुभदानं मेथीची जुडी खाली ठेवली. तिनं मोबाइल ओढून घेतला, फोटो पाहिला, खालचं सगळं वाचलं, वरचं वाचलं, मग गेल्या रविवारचं शोधून वाचलं. ती काय वाचतेय हे कमलाकरला तिच्या भुवयांवरून कळत होतं. "म्हणजे एक ओळ लिहायची लाज वाटते म्हणून तुम्ही पस्तीस किलोमीटर जाता," ती म्हणाली.

"तसं नाही ते."

"कसं आहे मग?"

तो स्कुटीची चावी शोधायला लागला. ती उठली. आत गेली, ऊन लागू नये म्हणून एक कांदा आणून त्याच्या खिशात कोंबला, दुपट्टा ओला करून डोक्याला अन् तोंडाला असा गुंडाळला की फक्त चष्मा बाहेर राहिला, आणि काळी छत्री हातात दिली. निरोप समारंभात मिळालेली. 'श्री. कमलाकर यांस सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट,' पांढऱ्या अक्षरांत, काठाकाठानं. स्कुटीवर छत्रीचं काय करायचं हे त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं ती पायाशी आडवी ठेवली आणि नेरच्या रस्त्याला लागेपर्यंत दोन सायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

रस्ता तापून तेलासारखा हलत होता. खिशातला मोबाइल मांडीवर थरथरायचा, थांबायचा, परत थरथरायचा. प्रत्येक थरथरीला त्याला वाटायचं की लोकेशन गेलं. आणि मध्येच, काही संबंध नसताना, कचेरीतला बाबाराव शिपाई आठवला. दारात स्टूल टाकून बसायचा आणि कोणी अर्जदार तोंड पाडून बाहेर पडला की आत डोकावून म्हणायचा, "साहेब, तुमच्या शेऱ्यानं मानूस पायी चालते, बरं का." एक म्हातारा मास्तर होता. त्याचा अर्ज कमलाकरनं 'सही किंचित तिरपी' म्हणून परत केला होता. अर्जात दुसरी काही खोट नव्हती, आणि हीच पंचाईत होती. कारण नोकरीच्या पहिल्या महिन्यातच साहेबानं शिकवलं होतं, कोरी फाइल वर पाठवू नको; वरच्याला वाटते खालच्यानं वाचलीच नाही. मास्तर दुसऱ्या दिवशी सही सरळ करून आला. सही इतकी सरळ होती की पट्टी लावून केलेली वाटावी. ती जुन्या सहीशी जुळेना. मग परत शेरा. मास्तर अकरा वेळा आला. दर वेळी सांगितलं तेवढं करून, एक शब्द न बोलता, नमस्कार करून. बाराव्या वेळी का आला नाही, हे कमलाकरनं कधी विचारलं नव्हतं. आता स्कुटीवर, तोंडात ओल्या दुपट्ट्याची चव घेत, त्याला ती पट्टी लावलेली सही स्पष्ट दिसत होती. आणि तिच्या जोडीला गेल्या रविवारचा फोटो.

गेल्या रविवारी काय झालं होतं? काही झालं नव्हतं. फोटो आला. त्यानं पाहिला. पानांच्या जाळीतून बाहेर पाहणारा तो पिवळा डोळा, अर्धी छाती उन्हात, अर्धी सावलीत, आणि फांदी अशी की जणू पक्ष्यानं स्वतःच ओढून घेतलेली. कमलाकर कितीतरी वेळ पाहत राहिला होता. नऊ वर्षांत असा एक फोटो त्याच्या हातून निघाला नव्हता, आणि निघणार नाही हेही त्याला त्याच वेळी कळलं होतं. मग त्यानं चूक शोधायला घेतली. दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा, कोपरे तपासले, शेपूट मोजली. चूक नव्हती. आणि तेव्हाच फांदीच्या मागं, पानांच्या अंधारात, त्याला काड्या दिसल्या. काड्यांत काहीतरी पांढरं. त्यानं पाहिलं होतं. हे त्यानं आतापर्यंत शुभदाला काय, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. घरटं आहे हे त्याला दिसलं होतं, फांदी कशासाठी आहे हे त्याला कळलं होतं, आणि मग पाच वाजत आले होते, फाइल कोरी होती, आणि त्याच्या अंगठ्यानं लिहिलं, समोरची फांदी नडते.

तांड्याच्या तोंडाशी, टाकीजवळ, उत्तमसिंग मोबाइल आभाळाकडं धरून उभा होता. स्कुटी पाहून त्याचं तोंड असं उजळलं की कमलाकरला मागं वळावंसं वाटलं. "सर! तुमी सोता आले? शेरा द्यायले सोता आले?" त्यानं हाक मारून आईला बोलावलं, "याडी! सर आले, यवतमाळचे!" मग कमलाकरकडं वळून आवाज खाली केला. "साकेत सर लोकेशन मागून राह्यले. पाठवू ना?"

"नको," कमलाकर ओरडलाच. "आधी झाड दाखवा."

झाड काटेरी हिवराचं होतं, शेताच्या धुऱ्यावर एकटं, दोन पुरुष उंच. लांबूनच दिसलं. फोटोत होतं तसंच, पण फोटोत वारा नसतो आणि वेळ नसते. मादी पंख पसरून उभी होती आणि ते पंख थरथरत होते. उघड्या चोचीतून तिची जीभ दिसत होती. बुंध्याच्या वरच्या अंगाला फांदीचा ताजा पिवळा काप, गोल, पेल्याच्या तोंडाएवढा. उत्तमसिंग अभिमानानं म्हणाला, "एका घावात काढली, सर. पाखराले धक्का नाई लागू देल्ला. आता तिले फोटोची सवयच झाली. परवापासून हालतच नाई, पंख खोलूनच राह्यते."

"उत्तमभाऊ, ती फोटोसाठी पंख खोलून नाही राहिली."

"मंग?"

कमलाकरनं सांगितलं. सांगताना तो उत्तमसिंगच्या तोंडाकडं पाहत नव्हता, झाडाकडं पाहत होता, पण बाजूला एक माणूस हळूहळू गप्प होतोय हे त्याला ऐकू येत होतं. उत्तमसिंगनं खाली पडलेली एक डहाळी उचलून मुठीत चुरडली. मग म्हणाला, "मले वाटलंच होतं जी. तोडताना हात थांबला होता. पन म्हटलं, सरायले आपल्यापेक्षा जास्त समजते."

आई मानीबाई तोवर येऊन उभी होती. सत्तरीची, हातभर बांगड्या, काठीसारखी ताठ. तिनं सगळं ऐकलं होतं. "पाखराले लेकरू झालं," ती म्हणाली, "अन् तुमाले फोटो झाला. दोघायचंही बारसं आजच करा."

करायचं काय, हा प्रश्न होता. जवळ गेलं की मादी उडणार, उडाली की पिल्लावर थेट ऊन. म्हणजे मदत करायला जितका वेळ लागेल तितका वेळ पिल्लू भाजणार. नवी फांदी बांधली तर ती ओळखेल का? उत्तमसिंग म्हणाला निंबाची बांधू. कमलाकर म्हणाला छत्री बांधू. मानीबाई म्हणाली, "काळं छत्तर पाहून माही म्हैस बुजते, ते तर पाखरू आहे. तिची फांदी तिले द्या. कुठी टाकली?" फांदी कुंपणात टाकली होती, शेताच्या पार त्या टोकाला, काट्यांत काटा. आणायला वेळ लागणार होता, उपसायला त्याहून जास्त. तोवर पिल्लावर सावली कोणी धरायची? तिघांनीही छत्रीकडं पाहिलं.

मग जे झालं ते कमलाकरच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही फायलीत नव्हतं. बैल चरायला गेलेले, म्हणून तिघांनी रिकामी बैलबंडी ढकलत झाडाखाली नेली. पहिल्या धक्क्यालाच मादी उडाली. पांढरं पोट एकदा डोक्यावरून गेलं आणि त्याची सावली कमलाकरच्या अंगावरून. तो चाकावर पाय देऊन चढला, मागच्या फळीवर गेला, आणि बंडी मागं कलली. पुढचं जू हवेत गेलं, कमलाकरनं फांदीचा तो कापलेला खुंट धरला म्हणून वाचला, काटे तळहातात गेले. "याडी, जुवावर बस!" उत्तमसिंग ओरडला आणि कुंपणाकडं पळत सुटला. मानीबाई पदर खोचून जुवावर बसली. बंडी दाणकन सरळ झाली. "हालू नका," ती खालून म्हणाली. "मी उठली का तुमी गेले."

कमलाकरनं छत्री उघडली आणि दोन्ही हातांनी वर धरली. टाचा उंचावल्यावर त्याला घरट्यात दिसलं. पिल्लू फोटोत बोंडाएवढं होतं. इथं ते एक सगळा जीव होतं, पांढरी लव, मोठं डोकं, अर्धे मिटलेले डोळे, आणि गळा असा धडधडत होता की ते घड्याळ वाटत होतं. छत्रीची सावली त्याच्यावर पडत होती, मग हात हलायचा आणि सावली सरकायची, आणि पांढऱ्या लवेवर उन्हाची एक पट्टी यायची, आणि कमलाकरला ती स्वतःच्या पाठीवर जाणवायची. दंड भरून आले. चष्मा घामानं खाली घसरला. वर मादी फेऱ्या घालत होती, तिची सावली दर फेरीला बंडीवरून जायची. काठावरच्या पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव उलटं दिसत होतं, सप्रेम भेट त्याहून उलटं. खिशातला मोबाइल थरथरला. कांदाही.

"त्या फांदीचं काय नडत होतं, साहेब?" मानीबाईनं खालून विचारलं. राग नव्हता आवाजात. बैलाला काय झालं विचारावं तसं विचारलं.

"काही नाही."

"मंग लिवलं काहून?"

"काहीतरी लिहावं लागते, बाई."

"कायले?"

ऊन डोक्यावर होतं. पिल्लानं एकदा चोच उघडली, आवाज आला नाही. कमलाकरला कचेरीतला तो साहेब सांगावा असं वाटलं, फाइल सांगावी, वरचे आणि खालचे सांगावेत. हे सगळं त्या जुवावर बसलेल्या बाईला सांगायला लागलं तर काय होईल हे त्यानं मनात करून पाहिलं, आणि ते सगळं पट्टी लावलेल्या सहीसारखं दिसलं. "लय चांगला होता फोटो," तो म्हणाला. दुपट्ट्यातून आवाज कोंडल्यासारखा आला. "मला तसा काढता येत नाही."

मानीबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "हे लिवलं असतं तं भागत नोतं का?"

आणि ती खोकली, जू हललं, बंडी मागं झुकायला लागली, कमलाकरच्या तोंडातून असा आवाज निघाला की वरची मादीसुद्धा फेरी चुकली. मानीबाई परत दाबून बसली आणि हसायला लागली, तर बंडी हसण्याबरोबर खालीवर होऊ लागली. "बाई, हसू नका हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "पिल्लावर ऊन येऊन राहिलं!" तसं तिनं तोंडात पदर कोंबला.

उत्तमसिंग आला तेव्हा हात रक्तानं भरलेले होते. फांदीची पानं बरीच झडली होती, तिच्यावर त्यानं निंबाच्या डहाळ्या बांधून आणल्या होत्या. माकडासारखा वर गेला, दुर्बिणीची ती सायकलची ट्यूब सोडून आणली होती तिनं फांदी खुंटाला आवळली, जिथं होती तिथं, तशीच तिरपी. सावली पडली. छत्रीची सावली आणि फांदीची सावली क्षणभर एकात एक दिसल्या, मग कमलाकरनं छत्री मिटली आणि त्याचे हात खाली यायला तयार होईनात.

ते तिघं दूर, पळसाच्या आड जाऊन बसले. मादी खाली येईना. एक फेरी, दुसरी, मग ती दिसेनाशीच झाली. उत्तमसिंग जमीन नखानं उकरत होता. "नाई आली तं?" त्यानं विचारलं.  कमलाकर घड्याळ पाहत नव्हता. पिल्लाचा तो धडधडता गळा त्याच्या डोळ्यांसमोर होता, त्याचेच ठोके तो मोजत होता. कितीतरी वेळ गेला. मग नेरच्या बाजूनं ती आली, चोचीतून अर्धा साप लोंबत होता, थेट खुंटाजवळ उतरली, बांधलेल्या ट्यूबला एकदा चोचीनं टोचून पाहिलं, आत सरली. आणि तिनं पंख मिटले. कोणीतरी दिवसभराचं ओझं खाली ठेवावं तसे, एक आणि मग दुसरा. त्यानंतर पानांशिवाय काही दिसलं नाही. उत्तमसिंगनं सवयीनं मोबाइल उचलला आणि खाली ठेवला. "आता तं फोटो येतच नाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

टाकीजवळ येईपर्यंत चार वाजले. तिथं उत्तमसिंग जरा लाजून म्हणाला, "सर, एक चूक झाली. फांदी घेऊन येताना मले ते दिसलं, मी उभ्या उभ्या एक फोटो काढला. रेंज आली तसा गेला ग्रुपवर." कमलाकरनं आपला मोबाइल काढला. फोटोत बंडी होती, घरट्याचा काठ होता, वर आभाळात तिरपी मादी होती, आणि मधोमध तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, छत्री धरून चवड्यांवर उभा, पोट बाहेर आलेला एक इसम. कोणीही ओळखलं नसतं. कोणी ओळखलंही नव्हतं. 'उडणारा पक्षी जबरदस्त,' साकेतनं लिहिलं होतं, 'पण समोरचा माणूस नडतो. कुऱ्हाड ॲपनं काढता आला तर पाहा. मग हाच पहिला.' भैरवीनं लिहिलं होतं, 'नियम सात आहे, आणि माणूसही आहे.' आणखी एकानं, 'माणसामुळे फोटोची उंची कमी होते.' शेवटी सगळ्यांचं एकच, 'सर, शेरा?'

"काढू का मानूस?" उत्तमसिंगनं खऱ्या मनानं विचारलं. "ॲप भेटलं तं."

कमलाकरच्या तळहातात काटे होते, अंगठा सुजला होता. तरी त्यानं लिहिलं, आणि ह्या वेळी पुसलं नाही. 'शेरा क्र. ४१३. फांदी नडत नव्हती. तिच्यामागं घरटं आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं, तरी लिहिलं. फोटो माझ्यापेक्षा फार चांगला होता. फांदी खरोखर कुऱ्हाडीनं तोडली गेली, पंख सावलीसाठी पसरले होते. गेल्या रविवारचा तोच फोटो प्रदर्शनात पहिला. बाकीचे काढून टाकत आहे. तिकडे कोणीही जाऊ नये. समोरचा माणूस मी आहे. नडतो, मान्य.' पाठवलं. घरट्याचे दोन्ही फोटो ग्रुपवरून काढले. गेल्या रविवारचा राहू दिला, त्यात मोठा करून शोधल्याशिवाय घरटं दिसत नव्हतं. मग ग्रुपची ॲडमिनगिरी नियमांसकट भैरवीच्या हवाली केली आणि ग्रुपमधून बाहेर पडला. मांडीवरची थरथर थांबली तेव्हा कुठं ती सकाळपासून किती चालू होती ते त्याला कळलं.

मानीबाईनं चहा आणला होता, पितळी कपात, उकळून काळा केलेला. त्याच्यावर निंबाचं एक पान तरंगत होतं, मघाच्या डहाळ्यांचं. ती समोर उकिडवी बसली, हातावर हनुवटी ठेवून. "कसा झाला सांगा," ती म्हणाली.

कमलाकरनं कपात पाहिलं. उत्तमसिंगही त्याच्या तोंडाकडं पाहत होता. त्यानं पान तसंच राहू दिलं आणि घोट घेतला.